नोटा फेकणारा गावप्रमुख

रविवार, रात्री

चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊचा 'द स्टोरी ऑफ छिऊ जू' आज पुन्हा पाहिला. १९९२चा सिनेमा. त्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन मिळाला आणि छिऊ जू झालेल्या गोंग लीला अभिनयाचं पारितोषिक. पहिल्यांदा पाहिला तेव्हा नजर तिच्यावरून हलली नव्हती. सध्या कन्फ्यूशियसची वचनं वाचतेय, म्हणून असेल, आज सगळं लक्ष त्या गावप्रमुखाकडे होतं.

शाआन्शी प्रांतातलं मिरची पिकवणारं खेडं. छिऊ जूच्या नवऱ्याला मिरचीसाठी शेड बांधायची असते आणि प्रमुख परवानगी देत नाही. शब्दाने शब्द वाढतो. प्रमुखाला चार मुलीच. तुझ्याकडे नुसत्या कोंबड्याच, असा टोमणा नवरा त्यावरून हाणतो. प्रमुख त्याला नको तिथे लाथ घालतो. मग पोटुशी छिऊ जू नणंदेला घेऊन, मिरच्या विकून भाड्याचे पैसे उभे करत, एकेक पायरी वरच्या कचेरीत जात राहते. तिला पैसे नको असतात. चुकलं, एवढं त्याने म्हणावं.

लाथेचं मी एक वेळ समजू शकते. टोमणा वर्मी लागला, माणूस भडकला. कन्फ्यूशियसचा शिष्य त्झु-कुंग म्हणतो की थोरांच्या चुका ग्रहणासारख्या असतात: चूक झाली की सगळ्यांना दिसते, सुधारली की सगळे मान वर करून बघतात. प्रमुखाला नेमकं उलटं वाटतं. माफी मागितली तर गाव कसं चालवणार, असा त्याचा हिशेब. दोनशे युआन भरपाई द्यायचं ठरतं, तर तो नोटा जमिनीवर टाकतो आणि म्हणतो, उचल. वाकशील तेवढ्या वेळा माझ्यापुढे मान झुकेल. त्याच्याविषयीचं माझं मत तिथेच ठरलं. वरच्या जागेवर बसून मन मोठं नाही, रीत पाळताना आदर नाही, अशा माणसात मी बघू तरी काय, असं गुरुजी, म्हणजे कन्फ्यूशियस, विचारतात. इथे भरपाईची रीत तेवढी पाळली गेली.

ली नावाचा पोलीस मला आवडतो, बिचारा. समेट व्हावा म्हणून स्वतःच्या खिशातून खाऊ आणतो आणि प्रमुखानेच पाठवलाय म्हणून सांगतो. तिला खरं कळतं, ती परत करते. बरोबरच केलं. एकाच्या वतीने दुसऱ्याने कशी माफी मागायची?

पुढे मात्र मी अडखळले. सणाच्या रात्री छिऊ जू बाळंतपणात अडते, आणि हाच प्रमुख माणसं गोळा करून तिला इस्पितळात पोचवतो. दोन जीव वाचतात. मग फिटलं का सगळं? आपल्याकडे लगेच म्हणतील, जाऊ दे आता, एवढं केलं त्याने. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपण ऐकतच वाढलो, आणि कन्फ्यूशियसही खटलेच उभे राहू नयेत म्हणतो. पण त्याला कुणीतरी विचारलं होतं, अपकाराची फेड उपकाराने करावी का? त्याचं उत्तर: मग उपकाराची फेड कशाने करशील? अपकाराला न्यायाने उत्तर दे, उपकाराला उपकाराने. म्हणजे दोन वेगळी खाती. एकातलं दुसऱ्यात वळतं करायचं नाही.

गंमत म्हणजे हे जमतं ते छिऊ जूला. बाळ महिन्याचं झाल्याच्या जेवणाचं प्रमुखाला आग्रहाने आमंत्रण देते. आणि नेमकं त्याच दिवशी नवऱ्याच्या एक्स-रेत बरगडी मोडल्याचं निघाल्यामुळे पोलीस प्रमुखाला पंधरा दिवस कोठडीत नेतात. हे तिने मागितलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो सुटून येईल तेव्हा तरी चुकलं म्हणेल का? मला नाही वाटत. नुसत्या शिक्षेने लोक पळवाटा शोधतात, त्यांना लाज वाटेनाशी होते, हे गुरुजींनी सांगूनच ठेवलंय. हा तर म्हणेल, भोगली ना शिक्षा, आता कसलं देणं? आणि कागदोपत्री त्याचं बरोबरच असेल.