प्रदर्शनातला गुलाब: गुण कुठे जातात

गुलाब प्रदर्शनात भलं मोठं फूल हमखास जिंकतं, हा गैरसमज आहे. अमेरिकन रोझ सोसायटीच्या १०० गुणांत घडणीला २५, रंग, पाकळीचा ताठपणा आणि दांडी-पानं यांना प्रत्येकी २०, प्रमाणबद्धतेला १० आणि आकाराला फक्त ५ गुण आहेत.

हायब्रीड टी (लांब दांडीवर मोठं, उंच मध्याचं फूल येणारा गुलाबाचा प्रकार) फूल अर्धं ते पाऊण उमललेलं हवं. परीक्षक आधी वरून बघतो: मध्यबिंदू एकच आणि ठळक हवा. तो दुभंगलेला असला, की बाकी फूल कितीही देखणं असो, घडणीचे गुण भराभर जातात. मग बाजूने, मध्य उंच आहे ना ते.

दांडीवर एकच फूल ठेवायचं, तर बगलेतल्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच खुडाव्यात. उशीर झाला की काळा व्रण राहतो आणि तो लपत नाही. कापताना जुन्या फांदीचा तुकडा दांडीला राहिला, तर फूल थेट बाद. पानांना तेल चोळलं तरी तेच. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ओल्या मऊ फडक्याने पुसावेत, तेवढं चालतं.

सांगलीत जानेवारीतही दुपारचं ऊन चांगलंच तापतं, म्हणून फूल पहाटेच कापा. लगेच दांडी खोल पाण्यात बुडवून सावलीत ठेवा. कमी पाकळ्यांचे वाण भराभर उमलतात, ते जरा घट्ट असतानाच कापलेले बरे. भरगच्च पाकळ्यांचं फूल मात्र फार घट्ट कापलं, तर तसंच मिटून राहतं.