हेंडनमधला पुणेकर लिबरेटर

लंडनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या यादीत हेंडन सहसा नसतं. नॉर्दर्न लाइनने कॉलिंडेलला उतरायचं, थोडी पायपीट करायची, की रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय येतं. तिकीट नाही. भाच्याला लँकेस्टर हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान बघायचं होतं. मला मात्र केएन७५१ क्रमांकाचं बी-२४ लिबरेटर हे अमेरिकन बनावटीचं बॉम्बफेकी विमान बघायचं होतं, कारण आम्ही पुण्यातल्या विमाननगरचे. डोक्यावरून लढाऊ विमानं गेल्याशिवाय आमचा दिवस उजाडत नाही, आणि हे विमान एके काळी आमच्या शेजारच्या लोहगाव हवाई तळावरचं होतं.

बी-२४ लिबरेटर देखणं म्हणता येणार नाही. पोट सुटलेलं धड, मागे दोन लंबगोल सुकाणू. पंख मात्र बघत राहावेत असे: या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट, लांबलचक आणि अरुंद. या पंखांमुळेच ते कमी इंधनात लांब जाई. बॉम्बच्या कप्प्याची दारं खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जातात. आत पुढून मागे जायला वीतभर रुंदीची फळी. उडत्या विमानात त्या फळीवरून ये-जा करणाऱ्यांना माझा दंडवत.

लिबरेटर १८,०००हून अधिक बनले. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तर ऐन भरात तासाला जवळपास एक बाहेर पडे. केएन७५१ तिथलंच. १९४५मध्ये ते हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर, रॉयल एअर फोर्सच्या ९९ स्क्वाड्रनकडे (तुकडीकडे) होतं. संग्रहालयाने त्याला त्याच काळाचा साज चढवला आहे. विमानावरच्या ओळखीच्या वर्तुळात नेहमीचा लाल रंग नाही. आशियातल्या आघाडीवर लाल दिसला की जपानी समजून आपलेच लोक गोळ्या घालतील, ही भीती होती.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. ही विमानं अमेरिकेने उधारीच्या करारावर दिलेली. युद्ध संपल्यावर पैसे भरा, परत करा किंवा निकामी करा. ब्रिटिशांनी तिसरा मार्ग धरला. कानपूरला चकेरीच्या तळावर लिबरेटर रांगेने उभे करून मोडतोड केली आणि निघून गेले. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला लांब पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान हवं होतं, नवं घ्यायला पैसे नव्हते. मग बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याने ते भंगार चाळायला घेतलं. याचं इंजिन त्याला, त्याची काच याला, असं करत जेमतेम उडण्याजोगं केलेलं एकेक विमान बंगळुरूला न्यायचं आणि तिथे नीट दुरुस्त करायचं. उडवत नेणारे होते एचएएलचे वैमानिक जिमी मुन्शी. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. आपल्याकडे ‘जुगाड’ शब्द फार स्वस्त झालाय. मी याला तो लावणार नाही. चार इंजिनांचं विमान जुगाडावर वीस वर्षं उडत नाही.

केएन७५१ला भारतीय हवाई दलाचा नवा क्रमांक एचई८०७ मिळाला आणि ते सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे पुण्याला आलं. काम सागरी टेहळणीचं. “मावशी, पुण्यात समुद्र कुठाय?” भाच्याने रास्त शंका काढली. पण चार इंजिनांच्या विमानाला सह्याद्री ओलांडायला कितीसा वेळ लागतो! अरबी समुद्रावर तासन् तास गस्त घालून लोहगावला परत. साठच्या दशकात एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टलेशन विमानं याच स्क्वाड्रनकडे आली, तरी लिबरेटर १९६८पर्यंत टिकले. तोवर जगात दुसरं कुठलंही सैन्य ते वापरत नव्हतं.

जगातल्या संग्रहालयांना जाग आली तेव्हा चांगल्या स्थितीतले बरेचसे लिबरेटर भारतातच उरले होते. एक कॅनडाला गेलं, एक अमेरिकेतल्या ॲरिझोनात. हे १९७४मध्ये ब्रिटनला दिलं, आणि तेही स्वतः उडत तिथवर पोचलं.

आता माझी तक्रार. रॉयल एअर फोर्सची नोकरी जेमतेम वर्षभराची, भारताची त्याच्या कितीतरी पट. रंग मात्र पहिल्या धन्याचा. त्यांचं संग्रहालय, त्यांचा हक्क, हे मान्य. तरी हे विमान आज उभं आहे ते कानपूरच्या भंगारात हात घालणाऱ्यांमुळे आणि लोहगावच्या मेकॅनिकांमुळे. एका बाजूला तरी तिरंगी वर्तुळ रंगवलं असतं तर काय बिघडलं असतं? भाचा म्हणाला, “त्यांना ईमेल कर.” करणार आहे.

आपल्या हवाई दलाच्या रंगातला लिबरेटर बघायचा असेल, तर विमानाचं तिकीट लागत नाही. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एचई९२४ उभं आहे.