भोसरी ते सोलापूर विजेच्या गाडीतून: वाटेतलं चार्जिंग आणि मामांच्या लॉजचा प्रश्न

मे महिन्यात सोलापूरला कोण जातं, असं आई निघेपर्यंत म्हणत होती. पण मामांचे तीन फोन येऊन गेले होते. अक्कलकोट रोडला त्यांचं बारा खोल्यांचं लॉज आहे. तिथे चार्जिंगचं मोठं मशीन बसवा म्हणून दोन ठिकाणची विक्रीची माणसं त्यांच्या मागे लागली होती. "तू पॅनेलच्या धंद्यातली आहेस, एकदा डोळ्यांनी बघून सांग गं, मग सही करतो," मामा म्हणाले. भोसरीत आमचा इलेक्ट्रिकल पॅनेलचा छोटा कारखाना आहे आणि अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या कामात चार्जिंगच्या पॅनेलची भर पडत चालली आहे. त्यामुळे मलाही सोलापूरचा बाजार बघायचा होता. गाडीही विजेचीच आहे, म्हणून म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील. तीन दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवते, कारण तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर करणारी कितीतरी कुटुंबं आता अशाच गाडीने निघतात.

आधी गाडीचा हिशोब. आमची बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची आहे. किलोवॉट-तास म्हणजे लाइट बिलातलं युनिटच, म्हणून मी युनिटच म्हणते. सकाळच्या गारव्यात ताशी ८० ने चालवलं तर एका युनिटला सात किलोमीटर मिळतात. दुपारी एसी लावून ९५ ने पळवलं की सव्वासहाच्या आसपास. पुणे-सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर. म्हणजे कागदावर एका चार्जमध्ये पोचता येतं, पण उन्हाळ्यात तसं करू नका. पोचताना आठ-दहा टक्के उरले आणि समोरचं मशीन बंद निघालं, तर घरची माणसं त्या उन्हात रस्त्यावर उभी राहतील.

पहाटे पाचला शंभर टक्क्यांवर निघालो. हडपसर, यवत, पाटस, भिगवण. उजनीचं पाणी कोवळ्या उन्हात दिसलं तेव्हा आईचा राग गेला होता. इंदापूरला पोचलो तेव्हा दीडशे किलोमीटर झाले होते आणि ५२ टक्के शिल्लक होते. चार्जिंगला थांबायला इंदापूर ते टेंभुर्णी हा पट्टा सगळ्यात सोयीचा. अंतर जवळजवळ मधलं आहे, आणि हॉटेलांच्या आवारात मशीनही आहेत. केंद्राच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. या रस्त्यावर आता स्टेशनच्या संख्येची काळजी वाटत नाही. चालू मशीन किती, ही काळजी मात्र वाटते.

आमचंच घ्या. पहिल्या मशीनला दोन गन (गाडीत बसवायचे प्लग) होत्या. एकीचं लॅच, म्हणजे अडकवायचा खटका, तुटलेलं, ती गाडीत बसेना. दुसरी बसली, पण स्क्रीनवर लाल अक्षरं. हॉटेलचा पोरगा म्हणाला, "मॅडम, काल रात्रीपासून असंच आहे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मी मशीनच्या बाजूने फिरून बघितलं तर इमर्जन्सीचं लाल बटण आत दाबलेलं. कुणाचा तरी धक्का लागला असणार. ते बटण ओढून निघत नाही. बाणाच्या दिशेने फिरवलं की आपोआप वर येतं. वर आलं. तरी ॲपमध्ये मशीन ऑफलाइनच दिसत होतं, म्हणून स्टिकरवरच्या नंबरला फोन केला. त्यांनी तिकडून रीस्टार्ट केलं आणि दहा मिनिटांत चार्जिंग सुरू झालं. चहा-पोहे होईपर्यंत ८० टक्के झाले. रात्रभर किती गाड्या एका बटणापायी परत गेल्या असतील, याचं मला वाईट वाटत राहिलं.

तेव्हा बंद मशीन दिसलं की आधी लाल बटण बघा, मग स्टिकरवरचा नंबर लावा, आणि मगच पुढे जा. निघण्याआधी निदान तीन कंपन्यांची ॲप मोबाइलमध्ये घ्या आणि प्रत्येकात दोन-तीनशे रुपये भरून ठेवा, कारण ऐनवेळी पैसे भरायला गेलं की ओटीपी येत नाही. प्लगशेअर या ॲपवर मागच्या आठवड्यात तिथे कुणी गाडी लावली होती का ते वाचा. आणि ८० टक्क्यांना गन काढा. पुढचे वीस टक्के फार हळू भरतात, मागे दुसरा उभा असतो.

टोलबद्दल बरेच जण विचारतात. विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी आहे, पण सोलापूर रस्त्यावर आम्ही पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे सगळीकडे पैसे भरले. फास्टॅगमध्ये पैसे ठेवूनच निघा.

सोलापुरात शिरलो तेव्हा ४० टक्के होते आणि गाडीचा पंखा सारखा घोंघावत होता, बॅटरी थंड ठेवायला. जेवायला मामींनी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि डाळवांगं केलं होतं. जेवण झाल्यावर मी गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर काढून लॉजच्या पार्किंगमधल्या १५ ॲम्पियरच्या पॉइंटला लावला. लाल दिवा. दुसऱ्या पॉइंटला लावला, तिथेही लाल.

मामांनी त्यांच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. पूर्व भागातला पन्नाशीचा माणूस, घरी तेलुगू बोलणारा, आयुष्य पॉवरलूमच्या मोटरी आणि स्टार्टर दुरुस्त करण्यात गेलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. "काय हुडकायलाय ताई?" म्हणत आले आणि मी लाल दिवा दाखवताच पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. साधा शंभरचा बल्ब, होल्डरला दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थमध्ये लावला. बल्बची फक्त तार लाल झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. म्हणजे अर्थ कमजोर, आणि तसा असला की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. अण्णा काही न बोलता मागच्या भिंतीकडे गेले. अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी बाजूला केली. आत माती इतकी वाळली होती की कडेला बोटभर भेगा. दोन बादल्या पाणी ओतलं, पाव तास थांबले, पुन्हा बल्ब लावला. आता चांगला पेटला. मी चार्जर लावला आणि दिवा हिरवा झाला. मामा म्हणाले, "बारा वर्षं झाली, या खड्ड्यात कुणी पाणी घातलं नव्हतं."

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकली होती. बल्ब अर्थवर पेटतो, म्हणजे चारशे मिलीॲम्पियरच्या आसपास करंट जमिनीत जातो. लाइनवर ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असता तर तो तत्क्षणी पडला असता. काहीच पडलं नाही, म्हणजे आरसीसीबी नव्हताच. पाहुण्यांची पोरं भिजल्या पायांनी फिरतात त्या पार्किंगमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तेच करून घेतलं. (हा बल्बचा प्रयोग घरी करू नका. त्यात अर्थच्या वायरीत करंट सोडला जातो, ते जाणकाराचंच काम.)

लॉजवर खोली घेताना गाडीवाल्यांनी फोनवर "चार्जिंग आहे का" एवढंच विचारून थांबू नये. पार्किंगजवळ १५ ॲम्पियरचा पॉइंट आहे का आणि अर्थिंग चालू आहे का, हे विचारा. गाडीत करंट कमी करायची सोय असते, जुन्या वायरिंगवर १६ ऐवजी १० ॲम्पियर ठेवा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर बंद करा. बाजारातली साधी एक्स्टेन्शन बोर्डं यासाठी नाहीतच. आम्ही १० ॲम्पियरवर रात्री दहा तास लावून ठेवलं, ४० चे ८५ टक्के झाले. पैसे देताना मीटरचं रीडिंग धरा, गाडीचं नको. गाडीत वीस युनिट जातात तेव्हा मीटरवर बावीस-तेवीस पडतात.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, वर बालाघाटाचा चढ. जाताना आकडा भराभर उतरतो म्हणून घाबरू नका, येताना उतारावर बराच परत मिळतो. आम्हाला सगळं मिळून ३३ टक्के लागले. दर्शनाला पहाटे निघा, गाडी सावलीत लावा. परतल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या. डीसी मशीनही (महामार्गावरचं जलद चार्जिंगचं) भर उन्हात पत्र्याखाली तापतं आणि स्वतःचा वेग कमी करतं. दुपारी एकला जिथे तासभर लागला, तिथेच सकाळी सातला पस्तीस-चाळीस मिनिटांत काम होतं.

संध्याकाळी अण्णांना घेऊन नवी पेठेच्या बाजूला इलेक्ट्रिकलची दुकानं फिरले. काउंटरवर आता मोटर स्टार्टरच्या शेजारी टाइप-टूच्या, म्हणजे साध्या एसी चार्जिंगच्या, गन लटकतात. भिंतीवर बसवायचे ७.४ किलोवॉटचे चार्जर खोक्यांत रचलेले. ३२ ॲम्पियरचे निळे इंडस्ट्रियल प्लग, सहा चौरस मिलिमीटरची केबल, तांब्याचा मुलामा दिलेले अर्थिंग रॉड. एका दुकानदाराने सांगितलं की आधी फक्त स्कूटरचे चार्जर दुरुस्तीला यायचे, आता जुळे सोलापूरकडचे बिल्डर पार्किंगसाठी चार-चार चार्जर एकदम विचारतात. याला सरकारी धोरणाचाही हात आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही वीज विकणं नव्हे, त्यामुळे परवाना लागत नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह या विजेच्या वाहनांच्या योजनेच्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंग स्टेशनसाठी ठेवले आहेत. पैसा दिसला की विकणारेही येतात. पण मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारला: मशीन बिघडलं तर दुरुस्तीला कोण, किती दिवसांत येणार? दोघांनी पुण्याचं नाव घेतलं, एकाने हैदराबादचं. गनचा स्पेअर कुणाकडेच नव्हता.

आणि इथेच मला अण्णांसारख्या माणसांचं मोल कळतं. लूमचे कारखाने बंद पडत गेले, पण थ्री फेजचं वायरिंग हातात बसलेले कारागीर शहरात आहेत. टाइप-टू गनमधली कंट्रोल पायलटची, म्हणजे गाडी आणि चार्जरमधला सिग्नल नेणारी, बारीक वायर काय करते हे मी अण्णांना कागदावर काढून दाखवलं. दहा मिनिटांत त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला, की अर्थ तुटला तर पायलटचा सिग्नलही जाणार ना? बरोबर. अशा माणसांना आठ दिवसांचं प्रशिक्षण देऊन चार स्पेअर गन शहरात ठेवणारा विक्रेताच इथे टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

रात्री मामांबरोबर हिशोबाला बसले. विक्रेत्यांनी त्यांना ६० किलोवॉटचं डीसी मशीन सुचवलं होतं. मामांचं म्हणणं, "अगं, इथून जवळ एनटीपीसी आहे, १३२० मेगावॉट. विजेला काय तोटा?" मी म्हटलं, "मामा, ती वीज ग्रिडला जाते. तुमच्यासाठी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर महत्त्वाचा." साठ किलोवॉटसाठी मंजूर भार वाढवायचा, कदाचित ट्रान्सफॉर्मरचाही खर्च, आणि गाडी लागो न लागो, दर महिन्याला स्थिर आकार. शिवाय तुमच्याकडे येतो तो पाहुणा अक्कलकोटला जाऊन रात्री झोपायला येतो. त्याला अर्ध्या तासाची घाई नसते. त्याच्या हातात नऊ-दहा तास असतात. आमच्यासारख्या गाडीला वीस टक्क्यांपासून शंभरपर्यंत ३६ युनिट लागतात. ७.४ किलोवॉटच्या चार्जरने ती पाच-साडेपाच तासांत भरते. दोन भिंतीवरचे चार्जर आणि चार १५ ॲम्पियरचे पॉइंट लावले तर एका रात्रीत सहा गाड्या उभ्या राहतात, त्यात स्कूटर आणि रिक्षाही आल्या. डीसी महामार्गावर हवं, लॉजवर नव्हे.

मामांना पटलं, पण त्यांची शंका योग्य होती: बिलाचं काय? महावितरणचा वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर आहे. त्यासाठी वेगळं मीटर घ्यावं लागतं, लॉजच्या व्यापारी मीटरवरून दिलं तर तो दर मिळत नाही. ज्यांची लूमची शेड रिकामी आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावं. थ्री फेज आधीपासून आहे म्हणून औद्योगिक कनेक्शनवर परस्पर चार्जिंग सुरू करू नका, आधी अर्ज करा. मशीन घेताना एआरएआयचं (पुण्याच्या वाहन चाचणी संस्थेचं) चाचणी प्रमाणपत्र मागा, धूळ-पावसात टिकण्याचं आयपी रेटिंग बघा, आणि दुरुस्तीची मुदत बिलावर लिहून घ्या.

परतीला पहाटे साडेपाचला शंभर टक्क्यांवर निघालो. सोलापूर पुण्यापेक्षा साधारण शंभर मीटर खाली आहे, त्यामुळे येताना थोडं जास्तच लागतं, ते धरून चाला. इंदापूरला त्याच मशीनवर थांबलो. लाल बटण वर होतं, पण त्या एका गनचं लॅच तसंच तुटलेलं. वीस मिनिटं थांबून ८० केले आणि घरी पोचलो तेव्हा २४ टक्के होते. संध्याकाळी मामांचा फोटो आला: मागच्या भिंतीजवळ नवा अर्थिंगचा खड्डा खणलेला, काठावर अण्णा रॉड धरून उभे, आणि शेजारी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या.