पहिल्या सेमिस्टरचे विषय भरण्याआधी एसटीचं वेळापत्रक हातात घ्या

बारावीपर्यंत टाइमटेबल आयतं मिळतं. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला ते बरंचसं स्वतःच जमवावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी नीट सांगणारं कुणी जवळ नसतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची ही रचना आली. तेव्हापासून फॉर्मवर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय-कौशल्याचा विषय), एईसी (भाषेसारख्या क्षमता वाढवणारा विषय), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) असे रकाने ओळीनं येतात, आणि पोरं शेजारच्यानं कुठं टिक केलीय ते बघून टिक करतात.

प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट, म्हणजे गुणांक, असतात. आधी त्यांचे तास करून बघा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांची धरली, तर २ क्रेडिटची थिअरी आठवड्याला २ तास घेते आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ४ तास. आता समजा सायन्सला तीन मुख्य विषय आहेत, प्रत्येकी २ क्रेडिट थिअरी आणि २ क्रेडिट प्रॅक्टिकल. तिथंच आठवड्याचे १८ तास झाले. वर २-२ क्रेडिटचे चार छोटे थिअरीचे विषय धरले की ८ तास. एकूण २६. आर्ट्सच्या मुलीचे तीन विषय ४-४ क्रेडिटच्या थिअरीचे असतील, तर तिचे १२ आणि ८ मिळून २० तास होतात. दोघांच्या मार्कलिस्टवर क्रेडिट २०च दिसणार, पण एकाला आठवड्याला ६ तास जास्त बसायचंय. नोकरी किंवा घरचं काम सांभाळून शिकणाऱ्यानं फॉर्म भरताना हा फरक कागदावर मांडलाच पाहिजे.

या २६ तासांत खरी अडचण प्रॅक्टिकलच्या बॅचची. लेक्चर सगळ्या वर्गाचं एकाच वेळी असतं, बॅच मात्र वाराप्रमाणे वाटतात, आणि ती यादी बहुतेक ठिकाणी रोल नंबरवरून लागते. पन्हाळ्याहून येणाऱ्याला दुपारची बॅच लागली की सुटायला संध्याकाळ होते, मग सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) गाडीची वाट बघत उभं राहणं आलं. म्हणून बॅचची यादी नोटीस बोर्डावर लागली की दोन-तीन दिवसांतच विभागप्रमुखांना भेटा. सोबत एसटीचा पास आणि आपल्या गावच्या गाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद न्या. ‘सर, बॅच बदलून द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. दुसऱ्या बॅचमधला अदलाबदलीला तयार असलेला एक जण सोबत असेल तर काम बहुतेक वेळा होतं, कारण प्रयोगशाळेतली टेबलं मोजकी असतात आणि दोन्ही बॅचची संख्या तेवढीच राहावी लागते. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीकडून रेल्वेनं येणाऱ्यांनीही हेच करावं.

पावसाळ्याचा विचार तर कुणीच करत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिली सेमिस्टर जुलै-ऑगस्टमध्येच येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथवर चढत गेलं की करवीर, पन्हाळा, गगनबावडा भागातले रस्ते एकेक करून बंद होतात. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के. आठवड्यातून एकदा ४ तासांचं प्रॅक्टिकल म्हणजे १५ खेपा, त्यातल्या १२ भरायलाच हव्यात. हातात उरल्या ३. पुरात दोन गेल्या, तर तापाला एकच शिल्लक. थिअरीच्या ३० तासांतले ७ बुडाले तरी तुम्ही टिकता, प्रॅक्टिकलला चौथी खेप चुकली की जर्नल सही होताना अडकतं. तेव्हा रस्ते सुरू असतील त्या दिवसांत एकही प्रॅक्टिकल सोडू नका. रस्ता बंद झाला तर त्याच दिवशी विभागात कळवा, आणि पाणी ओसरलं की भरपाईची बॅच कधी ते विचारून घ्या.

आता विषयांची निवड. ज्या कॉलेजात पहिल्या वर्षाचे तीन मुख्य विषय घेऊन पुढं त्यांतलाच एक मेजर आणि एक मायनर निवडायचा असतो, तिथं तिसरा विषय ‘भरतीचा’ म्हणून घेणं महागात पडतं. दुसऱ्या वर्षी आवडता विषय मेजरला मिळाला नाही, तर त्या भरतीच्या विषयावर येऊन बसायची पाळी येते. तिन्ही असे घ्या, की त्यातल्या कुठल्याही एकात तीन वर्षं काढायला तुमची ना नसेल. ओई दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. जागा ठरावीक असतात आणि आधी येणाऱ्याला आधी मिळतात, म्हणून मनात एकाऐवजी तीन नावं क्रमानं ठेवून जा.

स्वयमवरचा (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा) कोर्स करून क्रेडिट घ्यायचं असेल, तर नाव नोंदवण्याआधी तो आपल्याकडं चालतो का हे विभागाकडून लेखी घ्या. आधी कोर्स आणि मग विचारणा, असं केलेल्यांचं क्रेडिट अडकतं. तिथं कोर्सची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. परीक्षेची फी आणि तारीख चुकली की व्हिडिओ सगळे बघून झाले तरी उपयोग नाही. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरे संस्थांच्या) कोर्सला असाइनमेंटला २५ पैकी किमान १० आणि परीक्षेला ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही स्वतंत्रपणे.

एबीसी आयडी (क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात त्याचा नंबर) डिजिलॉकरवरून काढताना आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं आद्याक्षर, अशा फरकानंही क्रेडिट जमा होताना अडकू शकतात. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम परीक्षा फॉर्म सुटायच्या आधी उरका.

विषय किंवा बॅच बदलायची झाली, तर तोंडी होकारावर विसंबू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, वर रोल नंबर, जुना विषय, नवा विषय, कारण. एक प्रत खिडकीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, आणि परीक्षा फॉर्मवर नवा विषय छापून आलाय हे डोळ्यांनी बघेपर्यंत ती प्रत दप्तरातच राहू द्या.