आमची वाटचाल: अल्बमच्या पानावरून लेन्सच्या कपाटाकडे

सांगलीत आम्ही सुरुवात केली ती लग्नाच्या अल्बमच्या छपाईने. लेन्स भाड्याने द्यायचा धंदा त्यातूनच निघाला, आणि खरं सांगायचं तर भांडणातून निघाला.

करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२×३६ इंचांचं. वऱ्हाडाचा ग्रूप फोटो त्यावर आडवा पसरला की गिऱ्हाईक खूश. पण छापून आलं की फोटोग्राफर आमच्यावरच घसरायचे, "फोटो सॉफ्ट आलाय, मशीन बघा तुमचं." मशीन ठणठणीत असायचं. शेवटी धाकट्या भावाने बिलाच्या मागे हिशेब मांडला. कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर दोन मापांचा: मोठा फुल फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद, लहान क्रॉप साधारण २३.५. पान ९१४ मिलिमीटर. म्हणजे फुल फ्रेमवरचं चित्र २५ पट मोठं होणार, क्रॉपवरचं ३९ पट. लेन्सने ठेवलेली कसरही तेवढीच मोठी होणार! आणि गावभर रीत उलटी: भारी लेन्स मोठ्या कॅमेऱ्याला, कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स क्रॉपला.

हे कळल्यावर आम्ही चार लेन्स घेतल्या आणि लगेच तोंडावर पडलो. रोलच्या जमान्यातली एक वाइड झूम, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, आमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर सुरेख चालली, म्हणून फुल फ्रेमवाल्या एकाला दिली. फोटोत नवरा-नवरी झकास, कडेच्या दोन मावश्या धूसर, कोपरे काळवंडलेले. क्रॉप सेन्सर लेन्सच्या वर्तुळाचा मधलाच भाग वापरतो. कडांची परीक्षा आम्ही घेतलीच नव्हती. भाडं परत केलं. एफ ८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून उजेड कमी घेतला की, बहुतेक लेन्स शहाण्यासारख्या वागतात, पण कार्यालयातल्या उजेडात एफ ८ परवडतं कुणाला?

पुढे मेगापिक्सेल वाढले, म्हणजे सेन्सरवरचे ठिपके (पिक्सेल) बारीक झाले, आणि ठिपका जितका बारीक तितकी लेन्सची कसर जास्त उघडी पडते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ६ चा. पण २०१७ मध्ये ४५.७ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा निकॉन डी ८५० आला, त्याचा पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा. "फुल फ्रेम आहे, कुठलीही लेन्स चालते" म्हणणारे तेव्हापासून जरा गप्प झाले.

आता गिऱ्हाईक आलं की आधी दोनच गोष्टी विचारतो: बॉडी, म्हणजे कॅमेरा, कुठली आणि छापणार केवढं? फक्त स्टेटसला टाकायचे असतील तर स्वस्तातली ५० मिलिमीटरची लेन्स काढून देतो आणि भारी लेन्सचं भाडं वाचवा म्हणतो. भाऊ त्यावर अजून कुरकुरतो.