आधी लिहून काढायचं कशाला, डायरेक्ट आवाजातच शोधा ना

आता कसंय, कुठलंही रेकॉर्डिंग हातात आलं की आपण पहिले त्याची ट्रान्सक्रिप्ट काढतो आणि मग त्यात सर्च मारतो. दुसरा काही रस्ता असू शकतो हे डोक्यातच येत नाही. पण नेक्सिडिया नावाच्या कंपनीने हा मधला टप्पाच गाळला होता, आणि माझं मत विचाराल तर त्या लोकांना जे कळलं होतं ते आजच्या टूल्समध्ये कुठेतरी हरवलंय.

कंपनी अमेरिकेतल्या अटलांटाची. जॉर्जिया टेकमध्ये प्रोफेसर मार्क क्लेमंट्स आणि मंडळींनी केलेल्या रिसर्चमधून 2000 साली सुरू झाली, तेव्हा नाव होतं फास्ट-टॉक कम्युनिकेशन्स, नेक्सिडिया हे नंतरचं बारसं.

तेव्हाची अडचण अशी होती की आवाजाचं टेक्स्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे शब्दांची एक ठरलेली यादी असायची. त्या यादीत नसलेला शब्द कोणी बोललं तर सॉफ्टवेअर गप्प बसायचं नाही, जवळपास तसाच ऐकू येणारा दुसरा कुठला तरी शब्द ठोकून द्यायचं. आणि गंमत बघा, लोक शोधतात काय तर माणसांची नावं, गावांची नावं, नवीन प्रॉडक्टची नावं, म्हणजे नेमकं तेच जे यादीत नसतं. एकदा ट्रान्सक्रिप्टमध्ये चुकीचा शब्द बसला की मूळ शब्द सर्चला कायमचा मुकला.

नेक्सिडियाने काय केलं, तर शब्दांपर्यंत जायचंच नाही असं ठरवलं. इंग्लिशमध्ये मूळ ध्वनी साधारण चाळीसच आहेत, तर रेकॉर्डिंगच्या प्रत्येक क्षणाला यातला कुठला ध्वनी असण्याची किती शक्यता आहे एवढंच एका इंडेक्स फाइलमध्ये नोंदवून ठेवायचं. तुम्ही सर्चमध्ये नाव टाइप केलं की त्या नावाचा उच्चार तयार होतो आणि ती ध्वनींची साखळी इंडेक्समध्ये कुठे कुठे जुळते ते बघितलं जातं. स्पेलिंग चुकलं तरी चालतं, उच्चार बरोबर आला म्हणजे झालं. आणि एखादं नाव आज पहिल्यांदा ऐकलं असेल तरी ते जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शोधता येतं, सगळं परत प्रोसेस करत बसावं लागत नाही, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

तोटे होतेच. छोटा शब्द टाकला की नुसता कचरा, 'कॅट' शोधायला जावं तर 'कॅटलॉग'सुद्धा हजर. 'कॅन्सल माय अकाउंट' असं लांबलचक काही दिलं की मात्र नेमकं सापडायचं. आणि रिझल्ट यायचे ते स्कोअरसकट, सगळ्यात पक्का वर, शंका असलेला खाली, कुठपर्यंत विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा, क्लिक करून स्वतः ऐका. मशीन छातीठोकपणे काही सांगतच नव्हतं, माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट हीच.

मोठं गिऱ्हाईक अर्थातच कॉल सेंटर. तिथे कॉल रेकॉर्ड सगळे होतात पण क्वालिटीवाले ऐकणार त्यातले मूठभर, बाकीचे नुसते पडून. मग कोण खातं बंद करायचं म्हणतंय, एजंट कायद्याने बंधनकारक वाक्यं बोलतोय का, किती वेळ दोघंही गप्प आहेत, हे सगळ्या कॉलवर तपासायचं म्हणजे स्पीच अ‍ॅनालिटिक्स. (एजंटच्या बाजूने बघितलं तर प्रत्येक वाक्यावर पाळत. पण तो वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.) शिवाय व्हिडिओ एडिटिंगवाले होते. अ‍ॅव्हिड कंपनीच्या मीडिया कंपोझर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेजफाइंड आणि स्क्रिप्टसिंक अशी दोन टूल्स होती ती यांच्याच इंजिनवर चालायची, तासन्‌तासच्या मुलाखतींमधून एक वाक्य शोधायचं म्हणजे काय ते एडिटरलाच विचारा. 2014 मध्ये आवृत्ती 8 आली आणि त्यातून ही टूल्स गायब झाली, एडिटर लोक जाम वैतागले, 2017 ला ती परत आली.

त्याआधीच, 2016 मध्ये, इस्रायलच्या नाइस कंपनीने नेक्सिडिया साधारण साडेतेरा कोटी डॉलरला विकत घेतली होती.

मग जमाना बदलला. 2022 मध्ये ओपनएआयने व्हिस्पर हे आवाजाचं टेक्स्ट करणारं मॉडेल फुकटात सोडलं, 6,80,000 तासांच्या ऑडिओवर शिकवलेलं, आणि ट्रान्सक्रिप्ट इतकी सफाईदार यायला लागली की ध्वनी-बिनी कोण बघतंय. मीही तीच वापरते, खोटं कशाला बोला. पण ती सफाईच घात करते ना. 2024 च्या एका अभ्यासात व्हिस्परच्या साधारण एक टक्का ट्रान्सक्रिप्टमध्ये ऑडिओत कोणी बोललंच नाही अशी आख्खी वाक्यं सापडली होती, आणि दिसायला ती बाकीच्या वाक्यांसारखीच व्यवस्थित, पूर्णविरामासकट. किती खात्री आहे याचा आकडा आत कुठेतरी असतो, पण बहुतेक अ‍ॅप तो आपल्याला दाखवतच नाहीत.

ट्रान्सक्रिप्ट हवीच, वाचायला त्याच्यासारखं सोपं काही नाही. फक्त सर्चच्या बाजूला 'आवाजात शोधा' असं अजून एक बटण द्या, नाव टाकलं की जुळणाऱ्या जागा स्कोअरसकट दाखवा, पुढचं ऐकायचं काम आम्ही करू.