आरओच्या पाण्यात डुलणारी मॉली

काळ्या मॉली माशाची मादी फिल्टरखाली एकाच जागी थांबून डुलत होती. ना पुढे, ना मागे. पर अंगाला चिकटलेले आणि अख्खं शरीर डावीकडून उजवीकडे हलतंय. पहिल्या दिवशी वाटलं, खेळतेय. चौथ्या दिवशी दोन प्लॅटीही तसंच करायला लागल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

टाकी ६० लिटरची. सुरुवातीला त्यात निऑन टेट्रा होते, त्यांना हलकं, म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं म्हणून मी आरओचंच पाणी भरायचो. पुढे मॉली आणि प्लॅटी आल्या, पाणी मात्र तेच राहिलं. आपण जे पितो ते माशांना वाईट कसं असेल, हे माझं तर्कशास्त्र! आजार समजून आधी बुरशीचं औषध टाकलं, मग मीठ. मिठाने जरा तरतरी आली खरी, पण साध्या मिठाने पाण्याचा जडपणा वाढत नाही, त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. एवढं कळेपर्यंत आठवडा गेला आणि एक प्लॅटीही गेली.

शेवटी थेंबांचं टेस्ट किट आणलं. जीएच म्हणजे जडपणा मोजताना नळीतलं पाणी आधी नारिंगी होतं, आणि ते हिरवं व्हायला जितके थेंब लागतील तितके अंश. आरओच्या पाण्यात पहिला थेंब पडताच हिरवं. टाकीतल्या पाण्याला तीन थेंब लागले. केएच, म्हणजे पीएच घसरू न देणारे कार्बोनेट क्षार, फक्त १ आणि पीएच ६.४. मॉलीला जीएच निदान १०-१२ तरी हवा, पीएच साडेसात-आठच्या आसपास. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल थोडं चालवून घेतात, पण पिल्लं देणाऱ्या या सगळ्याच माशांना जडच पाणी मानवतं. मॉली तर निसर्गात खाडीच्या मचूळ पाण्यातही राहते. माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. पाणी हलकं असलं की ते सतत आत शिरतं, क्षार बाहेर झिरपतात आणि ते भरून काढण्यातच मासा थकतो.

दुखणं कळलं होतं, उपाय घरातच होता. नळाचं पाणी तपासलं तर जीएच १४, केएच ८. ज्या पाण्याने बादलीवर पांढरे डाग पडतात म्हणून मी कुरकुरायचो, तेच मॉलीसाठी हवं होतं. हात शिवशिवत होते की अर्धी टाकी रिकामी करून आत्ताच भरावी. पण त्याआधी माशांच्या विष्ठेतून साठणारा विषारी अमोनिया तपासला आणि हात आखडता घेतला. अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग)!

केएच संपत आला की पीएच घसरतो, आणि आम्लयुक्त पाण्यात फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जिवाणू सुस्तावतात. त्यामुळे अमोनिया साठत गेला होता. पीएच ६.४ असताना तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तगून होते. पीएच एका अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग साधारण दहापट होतो. मी एका दिवसात पीएच पावणेआठवर नेला असता तर चांगलं करायला जाऊन सगळी टाकी मारली असती. खायचा सोडा न टाकण्याचं कारणही हेच. त्याने केएच आणि त्याबरोबर पीएचही झटक्यात चढतो, आणि जीएचला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

मग रोज सहा लिटर काढायचे, सहा लिटर नळाचं भरायचं. भरण्याआधी क्लोरीन मारायचं औषध आणि टाकीइतकंच, म्हणजे २६ अंश तापमान. खाणं एक दिवसाआड. रोज रात्री अमोनियाची नळी उजेडात धरून हिरवी झाक किती आहे ते बघायचो. घरच्यांच्या मते मला वेड लागलं होतं. टेट्रांना दुसऱ्या छोट्या टाकीत हलवलं. दोघांना एकाच पाण्यात खूश ठेवायचा हट्ट मी सोडला.

पाचव्या दिवशी प्लॅटी पर उघडून फिरायला लागल्या. मॉलीने जास्त वेळ घेतला. बाराव्या दिवशी जीएच ११, केएच ६, पीएच ७.६ आणि अमोनियाची नळी स्वच्छ पिवळी. त्या सकाळी मॉली फिल्टरखाली दिसेना, तेव्हा काळजात धस्स झालं. बाई मागच्या काचेवरचं शेवाळ खात होत्या.

पुढच्या महिन्यात पिल्लं झाली. सकाळी सतरा मोजली, संध्याकाळी अकरा. बाकीची कोणाच्या पोटात गेली ते उघड होतं, म्हणून आता वर तरंगणारी झाडं दाट ठेवली आहेत. टेस्ट किट अजून दर रविवारी निघतं, केएच चारच्या खाली जातोय का एवढं पाहायला.